चीफ व्हिपचा डोनाटेल्लो

प्रिय मित्रा,

राजकारणात उतरायचंय, पण इटालियन शिल्पांवर लिहायचा नाद सुटत नाही. दोन्हींतलं एक सोडावं का, असं तू विचारलंस. सोडू नकोस. लॉर्ड बालकारेस वाच.

हे गृहस्थ स्कॉटलंडच्या लिंडसे घराण्यातले, पुढे क्रॉफर्डचे 27वे अर्ल झाले. 1895 ते 1913 ब्रिटिश संसदेत चॉर्लीचे खासदार आणि शेवटी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे चीफ व्हिप. मतदानाला खासदार गोळा करायचे, रुसलेल्यांची समजूत काढायची, असलं काम. खासदार असतानाच, 1903 मध्ये, त्यांनी पंधराव्या शतकातला इटालियन शिल्पकार डोनाटेल्लो याच्यावर पुस्तक लिहिलं आणि 1909 मध्ये इटालियन शिल्पकलेच्या वाटचालीवर दुसरं. घरात मोठं ग्रंथालय होतं, आजोबांनी 1847 मध्येच ख्रिस्ती कलेच्या इतिहासावर लिहिलं होतं. तुझ्यामाझ्याकडे ती सोय नाही, कबूल. पण ग्रंथालयवाले उमराव पुष्कळ होते, लिहिणारे किती?

डोनाटेल्लोच्या चरित्राची साधनं तुटपुंजी, तेव्हा माणूस कामातूनच शोधायचा, अशी त्यांच्या पुस्तकाची सुरुवात आहे. नेमका इथेच तू घसरतोस. डोनाटेल्लोवरच्या तुझ्या लेखात फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेडिची घराण्याला चार पानं आणि त्याने घडवलेल्या संत जॉर्जच्या मूर्तीला एक परिच्छेद! अरे, ती मूर्ती फ्लॉरेन्सच्या चिलखतकारांच्या संघाने करवून घेतली. मग पायांपुढे रोवलेल्या त्या ढालीबद्दल तुझ्या लेखात एक ओळ नसावी? आणि खालचा ड्रॅगनवधाचा पट बघ. संगमरवर जेमतेम खरवडलाय, तरी राजकन्येमागची कमानींची ओसरी आत आत जाताना दिसते. हे त्याने कसं साधलं, ते लिही. मेडिचींवर लिहिणारे ढिगाने आहेत.

शिल्पांची ही जाण बालकारेस यांनी सार्वजनिक कामातही वापरली. कलाकृती देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून 1903 मध्येच नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. 1906 मध्ये त्या फंडाने 45,000 पौंड जमवून स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचं व्हीनसचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला मिळवून दिलं. (1915 मध्ये हेच अर्लसाहेब साधे शिपाई म्हणून लष्कराच्या वैद्यकीय दलात भरती झाले. मला याचं फार अप्रूप वाटतं, पण ते पुन्हा कधीतरी.)

लेख परत पाठवतोय. दुरुस्त करत बसू नकोस, बाजूला ठेव. डोनाटेल्लोने पादुआत उभारलेल्या, सेनापती गट्टामेलाटाच्या घोड्यावरच्या पुतळ्याचे मिळतील तितके फोटो जमव आणि फक्त घोड्यावर दोन पानं लिही. त्याचा पुढचा एक पाय गोळ्यावर टेकवलाय. एवढं ओतीव ब्राँझ तोलायचं म्हटलं तर तो गोळा तिथे का लागला असेल, तिथून सुरुवात कर.

तुझा,
काका