थ्रिलरचा ट्रेलर कापताना

अरे तुझ्या थ्रिलरच्या ट्रेलरचा कट काल रात्री हेडफोन लावून दोनदा बघितला, शॉट्स भारी आहेत पण तू पहिल्या सेकंदापासूनच ढोल बडवतोयस, मग शेवटी वाढवणार काय? सुरुवात शांत ठेव, नुसता पंख्याचा आवाज, दाराची कडी जरा हलते एवढंच, आणि धक्क्याच्या आधी सगळा साउंड एकदम बंद कर, दीड सेकंद पुरतो, तेवढ्यात माणूस श्वास रोखून धरतो. १९७९ च्या 'एलियन'चा ट्रेलर बघच, एकही डायलॉग नाही त्यात, सायरनसारखा आवाज येत राहतो आणि अंगावर काटा येतो. आणि प्लीज, खुनी दाखवू नकोस रे! दार उघडलं की कट, आत काय आहे ते लोकांना थेटरात येऊन बघू दे.