धरण्याला बसले आणि फोटो फिरला

प्रश्न : शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर झालेल्या धरण्याला मी बसले होते. माहेरची शेती कागल तालुक्यात आहे आणि ती जाईल ही धास्ती, एवढेच माझे कारण. कोणत्याही पक्षाशी माझा संबंध नाही. दोन तास बसून घरी आले. दुसऱ्या दिवशी माझ्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलेला फोटो फेसबुकवर फिरू लागला. ‘हजेरी किती मिळाली?’, ‘विकासाला आडव्या येणाऱ्या बाया’ अशा प्रतिक्रियांचा खच पडला. मी संध्याकाळी किती वाजता शिरोली नाक्यावरून जाते, तेही एकाने लिहिले आहे. थोरल्या दिरांनी तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकून ‘घराण्याचे नाव काढले’ असा शेरा मारला. मी एका खासगी कारखान्यात हिशेब पाहते. खाते बंद करावे, सर्वांना उत्तर द्यावे, की मालकांची माफी मागावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण तीन प्रश्न विचारलेत, परंतु ज्या वाक्याने मी थबकलो, ते आपण ओघात लिहून पुढे गेलात. शिरोली नाक्याचे ते वाक्य टोमणा नव्हे. आपल्या जाण्यायेण्यावर कोणाची तरी नजर आहे, असे ते सांगते. म्हणून खाते आज बंद करू नका. त्या प्रतिक्रियेचा, ती लिहिणाऱ्याच्या खात्याचा आणि मूळ पोस्टचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा, काटछाट न करता घ्या, तिन्हींचे दुवे वहीत उतरवून ठेवा आणि ज्या फोनवर हे पाहिले तो फोन तूर्त बदलू नका. मग घरातील कोणाला तरी सोबत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या व तिची पोच घ्या. धाकदपटशासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ आहे, पाठलागासाठी ७८; यांपैकी काय लागू होते ते पोलीस पाहतील, पण नोंद आपल्याकडून झालेली असावी. काही दिवस येण्याजाण्याची वेळ बदला आणि सोबतीने जा.

उरलेल्या प्रतिक्रिया मात्र सोडून द्याव्यात, असे माझे मत आहे. निव्वळ मनस्ताप देणाऱ्या मजकुरासाठी तुरुंगात टाकणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, आणि ते बरेच झाले. तो फास उद्या आपल्याच एखाद्या पोस्टभोवतीही आवळला गेला असता. टोलविरोधी आंदोलनाच्या काळात याच शहरात घराघरांत वाद झाले, पण विरोधात बोलणारा समोर उभा असे आणि त्याची गल्ली माहीत असे. ‘हजेरी किती मिळाली’ असे विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते, त्याला आपला संताप हवा असतो. शिवाय जून २०२३ मध्ये मोबाइलवरील स्टेटसवरून हे शहर इतके पेटले की इंटरनेट बंद करावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रागाच्या भरात लिहिलेली आपली एक ओळ त्या फोटोखाली जाऊन बसली, तर पुढे फिरेल ती तीच ओळ.

मालकांची माफी कशासाठी? शांततेने व निःशस्त्र एकत्र येण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. राजकीय चळवळीत भाग घेण्यावर निर्बंध घालणारे वर्तणूक नियम सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असतात. आपली नोकरी खासगी असल्याने आपले नेमणूकपत्र तेवढे वाचून घ्या. त्या दिवशी रजा रीतसर टाकली होती ना? असल्यास, दुसऱ्या कोणी फोटो दाखवण्याआधी मालकांना स्वतः भेटा आणि ‘रजेच्या दिवशी माहेरच्या जमिनीसाठी बसले होते, कारखान्याचे नाव कोठेही घेतलेले नाही’ एवढे सांगून परत कामाला लागा.

दिरांना ग्रुपवर उत्तर देऊ नका, कारण तेथे बाकीचे नातेवाईक पाहत असताना त्यांना माघार घेता येणार नाही. यजमानांसह त्यांच्या घरी जा, जमिनीचा सातबारा सोबत न्या आणि त्यात माहेरच्या कोणाकोणाची नावे आहेत ते दाखवा. शिरोली नाक्याची ती प्रतिक्रियाही त्यांना वाचू द्या. पोलीस ठाण्यात सोबत येण्यासाठी पहिली विनंती त्यांनाच करावी, असे मला वाटते.