मॉनिटरिंग गेटवेसाठी सर्व्हर निवडताना

नागपूरजवळच्या बुटीबोरीतील कारखान्यासाठी गेटवे (उपकरणांची मोजमापे गोळा करून साठवणारा आणि सूचना पाठवणारा सर्व्हर) उभारताना आपण सर्व्हरच्या निवडीची सुरुवात प्रोसेसरपासून केली आहे. माझ्या मते आधी डिस्कचा हिशेब मांडावा. १०० उपकरणांची प्रत्येकी ५० मोजमापे दर ६० सेकंदांनी घेतली, तर दिवसाला ७२ लाख नोंदी होतात, आणि या नोंदी फिरत्या हार्ड डिस्कवर लिहिताना प्रोसेसर रिकामा असूनही मोजमापांचे आलेख मागे पडू लागतात. म्हणून या नोंदींचा डेटाबेस एसएसडीवरच (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवरच) ठेवावा. चार कोअरचा प्रोसेसर व १६ जीबी रॅम सहसा पुरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधील बंद पेटीत सर्व्हर ठेवू नये (कूलरची दमट हवाही त्याला मानवत नाही). यूपीएसवर (वीज गेल्यावर बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणाऱ्या उपकरणावर) सर्व्हरसोबत राउटर आणि नेटवर्क स्विचही जोडावेत, अन्यथा वीज गेल्याची सूचनाच बाहेर पडणार नाही.