जीन शाबूत, पण गप्प

प्रश्न: डॉक्टर, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, सासूबाई रोज मिश्री लावतात. आता डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय, बायोप्सीत कॅन्सर नाही पण 'डिस्प्लेजिया' लिहिलंय. भाचा मोबाईलवर वाचून सांगतो की तंबाखूने कॅन्सर रोखणारे जीन बंद पडतात. हे खरंय का? मग माझ्या मुलांना पण धोका आहे का? ओळखीतला एक जण जीन परत चालू करायची पावडर देतो म्हणतोय, देऊ का? – एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, पावडर अजिबात देऊ नका, आधी हे सांगून टाकतो. आणि डिस्प्लेजिया म्हणजे पेशींची ठेवण बिघडलेली, अजून कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकतो.

भाच्याने वाचलंय ते खरंय, पण अर्धवट. म्युटेशनमध्ये डीएनएचं अक्षरच बदलतं. इथे अक्षरं जशीच्या तशी असतात, पण जीन जिथून वाचायला सुरुवात होते त्या भागावर मिथाइलचे बारीक रासायनिक गट येऊन बसतात, पुस्तकाच्या पानावर कोरा कागद चिकटवला की खालचा मजकूर असून नसल्यासारखा, तसं. आणि खरी गोम पुढेच आहे, एका पेशीच्या दोन होताना डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम या खुणा नव्या डीएनएवर पण उतरवतं, त्यामुळे एकदा गप्प झालेला जीन पुढच्या पेशींतही गप्पच राहतो.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये यातला सगळ्यात जास्त तपासलेला जीन म्हणजे पी१६, पेशीने वाट्टेल तशी वाढू नये हे बघणं त्याचं काम. एमजीएमटी हा दुरुस्तीवाला, तो गप्प बसला की तंबाखूने डीएनएची केलेली नासधूस तशीच राहते आणि त्यातूनच खरी म्युटेशन साठत जातात. पण म्हणून सगळा दोष मिथाइलवर टाकता येत नाही हां, पी१६ कित्येकदा जीनचा तुकडाच गळून गेल्याने जातो, आणि टीपी५३ मधली म्युटेशन तर या कॅन्सरात नेहमीची.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. तंबाखू चघळणाऱ्या भारतीय पेशंटवरचा एक अभ्यास २००४ साली आला, त्यात पी१६, एमजीएमटी वगैरेंवरचं मिथाइल नुसत्या गाठीत नाही तर शेजारच्या, डोळ्यांना नॉर्मल दिसणाऱ्या भागातही सापडलं. पांढऱ्या चट्ट्यांतही ते सापडतं. म्हणजे दिसतो तो चट्टा एवढासा, पण बिघाड आजूबाजूलाही पसरलेला असू शकतो, म्हणून चट्टा काढून टाकला तरी तपासणी सुटत नाही.

मुलांचं म्हणाल तर हे बदल आजीच्या गालातल्या पेशींत झालेत, ते नातवंडांत उतरत नाहीत. घरातली मिश्रीची डबी मात्र उतरते, तिच्यावर लक्ष ठेवा.

मिथाइल उतरवणारी औषधं आहेत, नाही असं नाही. अझासायटिडीनला अमेरिकेत २००४ मध्ये आणि डेसिटाबीनला २००६ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती एमडीएस या रक्ताच्या आजारासाठी. ती नेमका एकच जीन निवडून उघडत नाहीत, सगळीकडचंच मिथाइल कमी करतात, त्यात रक्तातल्या पेशीही घटतात, त्यामुळे गालातल्या चट्ट्यासाठी कोणी देत नाही. मग पावडरवाल्याकडे काय असणार!

मिश्री पूर्ण बंद, "सकाळी एकदाच, नाहीतर पोट साफ होत नाही" हे सासूबाई म्हणणारच, सगळेच म्हणतात. त्यासाठी पोटाचं साधं औषध मिळतं. सोडताना फारच त्रास झाला तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे, फुकट आहे. सोडल्यावर गप्प झालेले सगळे जीन बोलायला लागतील अशी हमी मी देत नाही, पण रोजचा नवा मारा तरी थांबतो.

दर महिन्याला उजेडात बसवून, बोटाने गाल ओढून आतून बघा. पांढऱ्यात लाल भाग दिसला, हाताला कडक लागलं किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा, लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त वाईट. आणि डिस्प्लेजिया माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर हे तुम्ही लिहिलंच नाहीये, चट्टा आत्ता काढायचा की नुसतं लक्ष ठेवायचं ते बरंचसं त्यावरच ठरतं, तेव्हा रिपोर्ट घेऊन ओरल सर्जनकडे जा आणि आधी तेच विचारा.