दोन दिवस फोन बंद, भंडारदऱ्याला केबिनमध्ये

प्रश्न : ताई, मी आणि मिस्टर भंडारदऱ्याजवळ जंगलातल्या छोट्या केबिनमध्ये दोन दिवस फोन बंद ठेवून राहायचं म्हणतोय, पण घरी सासूबाई एकट्या असतील, जावं का? कधी जावं?

उत्तर : जा हो, नक्की जा! सासूबाईंजवळ केबिनवाल्याचा नंबर आणि पत्ता लिहून ठेवा, त्यांच्या सोबतीला रात्री कुणीतरी येईल एवढं बघा, म्हणजे तुमचाही जीव तिकडे लागून राहणार नाही. फोन सायलेंटवर नको, सरळ स्विच ऑफ करून बॅगेत तळाशी, नाहीतर हात जातोच. मॅप आधीच डाउनलोड करा आणि कॅश वाटेतल्या घोटी गावातच काढून घ्या.

मला विचाराल तर मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, पाऊस जोर धरायच्या आधी, कारण तेव्हा काजवे असतात, अख्खं झाड लुकलुकतं आणि बघतच राहावंसं वाटतं. फक्त तिथं टॉर्च, फ्लॅश नको प्लीज, काजव्याचा नर मादीला उजेडानंच खुणावतो, आपल्या लाईटनं ते सगळं बिघडतं. वीकेंडला फार गर्दी होते, मधल्या वारी जा. केबिनमधून रात्री बाहेर पडताना मात्र टॉर्च हवाच, पायाखाली बघायला, आणि सकाळी बूट झटकून घाला.