अमेरिकेत एआर-१५ रायफलसाठी २२३ रेमिंग्टन काडतुसं भरतोय, तर कुठला प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) घ्यावा? स्मॉल पिस्टल चालेल का?

नाही, पिस्टलचा अजिबात नको. स्मॉल रायफल आणि स्मॉल पिस्टल, दोन्हींचा व्यास एकच, ०.१७५ इंच, त्यामुळे तो काडतुसाच्या पुंगळीत बसतो आणि माणूस तिथेच फसतो. पण पिस्टल प्रायमरच्या कपचा पत्रा पातळ असतो. रायफलच्या दाबाखाली तो फाटून गरम वायू बोल्टकडे, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाकडे, येऊ शकतो.

तुम्ही अमेरिकेत एआर-१५ साठी भरताय म्हणून आणखी एक गोष्ट. तिची फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) स्प्रिंगने धरलेली नसते, त्यामुळे बोल्ट बंद होताना ती प्रायमरला टेकते. चेंबरमध्ये गेलेलं काडतूस न झाडता बाहेर काढून बघा, प्रायमरवर सुईच्या टोकाएवढा खळगा दिसेल. म्हणूनच मी जाड कपचा सीसीआय कंपनीचा ४१ किंवा ४५० नंबरचा प्रायमर सुचवेन. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला, जिचा बोल्ट दर वेळी हाताने ओढावा लागतो, ही काळजी कमी.

प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसलाच पाहिजे. प्रत्येकावरून बोट फिरवा, वर आलेला लगेच लागतो.

आणि ब्रँड बदललात तर जुनं पावडरचं वजन तसंच ठेवू नका. काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा चढत या. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराची ठिणगी देणाऱ्या, प्रायमरने दाब वाढू शकतो.

भारतातल्या वाचकांसाठी: इथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे.