बंद घर, फुटलेला पाइप आणि तीस दिवसांचं कलम

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं आहे. उत्तराखंडात मुक्तेश्वरजवळ त्यांचं घर आहे आणि मागे सुटं आउटहाउस: एक खोली, बाथरूम, वर टाकी. ५ डिसेंबर २०२४ ला कुलूप लावून ते गावी आले. २२ जानेवारीला राखणदारानं दार उघडलं, तर आउटहाउसचा पाइप फुटलेला आणि पाणी उतारानं मोठ्या घरात शिरून लाकडी फरशी फुगलेली. ‘घर तीस दिवसांहून जास्त रिकामं होतं’ म्हणून विमा कंपनीनं मार्च २०२५ मध्ये दावा फेटाळला.

सुभेदारसाहेब, तुम्ही चार पानं पाइपवर लिहिलीत. पाइप फुटून झालेलं नुकसान पॉलिसीत धरलेलं आहे, त्यावर वाद नाही. टाकी रिकामी केली नाही हा हलगर्जीपणा खरा. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, आणि शेकोटी-हीटर नसलेल्या आउटहाउसचा पाइप आधी जातो. पण हलगर्जीपणा वेगळा आणि जाणूनबुजून केलेलं नुकसान वेगळं. नुसत्या हलगर्जीपणावर दावा सहसा बुडत नाही.

तुमचं सगळं अडलंय ते शर्तींमधल्या तिसऱ्या कलमावर. इमारत सलग तीस दिवसांहून जास्त रिकामी राहिली आणि आधी कंपनीकडून तशी नोंद करून घेतली नाही, तर संरक्षण थांबतं. पुण्या-गोव्यात नोकरीला गेलेल्यांची आपल्या भागातली कुलूपबंद घरं बघतो तेव्हा हेच कलम आठवतं. पॉलिसी ट्रंकेत ठेवायची आणि नुकसान झाल्यावर उघडायची, ही सवय मला गेली कित्येक वर्षं छळते आहे. एक पत्र पुरलं असतं.

आता नीट वाचा. कलम म्हणतं, तीस दिवसांनंतर. तुमचे तीस दिवस ४ जानेवारीला भरले. कंपनीनं २२ जानेवारी धरली, पण तो नुकसान दिसल्याचा दिवस आहे. पाइप फुटला कधी?

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की १ जानेवारीला राखणदारानं शुभेच्छांबरोबर आउटहाउसचा फोटो पाठवला, ‘बघा साहेब, काय बर्फ धरलाय’ म्हणून. तुम्ही जोडलेला तो फोटो मी मोठा करून पाहिला. छपराच्या कडेला काही नाही. बर्फाच्या कांड्या टाकीखालच्या सांध्यापासून भिंतीवर उतरल्यात आणि खाली ओल जोत्यापर्यंत गेली आहे. छपरावरचं पाणी असं एकाच सांध्यातून येत नाही. म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी पाइप गळत होता, आणि त्या दिवशी पॉलिसी चालू होती. पुढचं पाणी त्याच फुटीतून आलं, हे मांडता येईल. सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान पाहून अहवाल देणाऱ्या तपासनिसाच्या, अहवालात या फोटोचा उल्लेखही नाही. तो अहवाल महत्त्वाचा असतो, पण अखेरचा शब्द नसतो.

राखणदार आठवड्याला फेरी मारायचा म्हणून घर ‘रिकामं’ नव्हतं, हाही मुद्दा घ्या, पण त्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. आउटहाउस पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे विमा उतरवलेल्या मालमत्तेच्या यादीत, आहे की नाही, तेही तपासा.

विमा लोकपालाकडे जायला फेटाळल्यापासून एक वर्ष असतं. ते तुम्ही भावकीत सल्ले विचारत घालवलंत. राहिला ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार दोन वर्षांची मुदत आहे. ती फेटाळल्यापासून धरतात, पण तुम्ही नुकसानीपासून मोजा आणि डिसेंबर २०२६ च्या आत तक्रार घाला. बारा महिन्यांत दाद मागितली नाही तर हक्क संपतो, हे पॉलिसीतलं कलम कंपनी पुढे करील. असा मुदतीनं हक्क संपवणारा करार रद्द ठरवणारी करार कायद्याच्या कलम २८ मधली १९९७ ची दुरुस्ती आपल्याला उपयोगी आहे, तरी वाद होणार. उत्तराखंडात खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे बेळगावात, तक्रार चालते. तारखा मात्र पडत राहतील. कायद्यातले तीन महिने कागदावरच धरा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख-वेळेची नोंद बहुधा उरत नाही. मूळ फोटो राखणदाराच्या फोनमध्ये आहे. आजच त्याला फोन करून सांगा की काही पुसू नकोस, फोन बदललास तरी जुना विकू नकोस. त्याचं प्रतिज्ञापत्र आणि फोनमधला फोटो पुरावा म्हणून देताना लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. हिंदीत केलं तर इंग्रजी भाषांतर जोडू.